ओल्या लाकडावरचा रंग

सावळारामने बोट पाण्यात बुडवून फळीवर एक थेंब सोडला आणि उकिडवा बसून बघत राहिला. पाच मिनिटं झाली, थेंब अळवाच्या पानावर बसावा तसा बसून होता.

"मालक, ह्ये लाकूड औषधात बुडवून काढलेलं हाय, कीड लागू नये म्हणून. आतनं अजून वलं हाय. पाणी पीत न्हाय ते रंग काय पिणार? दीड म्हैना ऊन खाऊ द्या त्येला."

मालक म्हणजे दिग्विजय. डाळजच्या खाली, धरणाच्या फुगवट्याकाठी पक्षी बघायला येणाऱ्या पुणेकरांसाठी त्याने हॉटेल बांधलं होतं आणि पुढे पाण्याकडे तोंड केलेला हा भलामोठा लाकडी डेक.

"मामा, रविवारी उद्घाटन हाय. गुरुजींनी मुहूर्त काढलाय."

"मुहूर्त माणसाला कळतो. लाकडाला न्हाय कळत."

दिग्विजय हसला नाही. शेजारी उभ्या असलेल्या नागेशकडे बघत म्हणाला, "जमत नसंल तर दुसरा पेंटर बघतो. मग नागेशच्या नोकरीचं बी नंतर बघू."

नागेश सावळारामचा एकुलता एक पोरगा. वय बत्तीस, बी.ए. झालेला, घरचा दोन एकर ऊस, आणि सात स्थळं येऊन चहा पिऊन गेलेली. हल्ली पोरीचा बाप ऊस बघत नाही, पगार बघतो. पणदऱ्याची स्वरूपा तेवढी होकाराच्या काठावर होती, पण नोकरी लागली तरच.

रात्री त्याची बायको बनाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचं काम चोख हाय, मला ठावं हाय. पर त्या चोख कामानं सून यायची हाय का घरात?"

भिगवणपासून इंदापूरपर्यंत सावळारामने रंगवलेली दारं वीस-वीस वर्षं तशीच होती, आणि लोक त्याचं नाव घेऊन ती पाहुण्यांना दाखवत. त्याच हातांनी त्याने तीन दिवस ओल्या लाकडावर दोन हात रंग चढवला. रविवारी डेक आरशासारखा चमकला. त्याला शाल-नारळ मिळाला, नागेशला मॅनेजरचा शर्ट.

चैत्रात रंगाचे पोपडे सुटले. पाहुण्यांच्या तळव्यांना चिकटून ते खोल्यांपर्यंत जाऊ लागले. दिग्विजयने सावळारामला बोलावलं आणि नाश्ता करणाऱ्या लोकांदेखत विचारलं, "मामा, ही काय पद्धत झाली कामाची?"

सावळारामने नागेशकडे बघितलं. फळीवर थेंब सोडला त्या दिवशी पोरगं तिथंच उभं होतं, सगळं ऐकत होतं.

नागेशने मान खाली घातली. "सर, तात्यांचं वय झालंय. पहिल्यासारखं ध्यान ऱ्हात न्हाय त्यांचं."

खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. त्या वाक्यात पोराची नोकरी गेली असती आणि पणदऱ्याचं स्थळही.

"व्हय," तो म्हणाला. "चुकलंच माझं. लाकूड बघाया पायजे हुतं."

असल्या बातमीला पाय नसतात, तरी ती इंदापूरपर्यंत चालत गेली. सांगून ठेवलेली दोन कामं फिरली. तिसऱ्याने फोनच उचलला नाही.

स्वरूपाशी लग्न ठरलं, वैशाखातला मुहूर्त निघाला. डाळजमध्ये कुणाच्याही घरचं लग्न असो, हळदीचे पाट सावळाराम रंगवायचा, तेही फुकट. चाळीस वर्षांत ते कुणाला सांगावं लागलं नव्हतं. पोराच्या हळदीसाठी त्याने सागवानी पाट काढले आणि पॉलिश पेपर मारायला बसला.

"तात्या, ऱ्हाऊ द्या," नागेश मागून म्हणाला. "बारामतीवरनं आणल्यात पाट. दिग्विजयसर येणार हायत, पावनं येणार हायत. उगं लोकं कायतरी बोलत्याल."

"बरं," सावळाराम म्हणाला आणि पाट माळ्यावर ठेवून आला.

हळदीच्या दिवशी तो मागच्या न्हाणीत थिनरचा डबा घेऊन बसला. नखांच्या कडांतला, बोटांच्या पेरांतला रंग त्याने चिंधीने घासून घासून काढला. कातडी लाल झाली तरी थांबला नाही. चाळीस वर्षांत ते हात इतके स्वच्छ कधी झाले नव्हते.

"अवो, चला की," बनाबाईने हाक मारली. "पोरगा पाटावर बसलाय."

तो मांडवात आला. त्याने हळदीत बोटं बुडवली आणि पोराच्या गालाला लावली. ते हात बघून हा माणूस काय काम करतो, हे कुणा पाहुण्याला सांगता आलं नसतं.