पुसण्याआधी

"परीक्षा नाहीये हो ही," जिज्ञासा म्हणाली. "पुढचा कॉम्प्युटर कसा असावा, एवढंच सांगायचंय. काय पाहिजे ते मागा."

"चहा करणारा द्या," मागून अनंताकाका म्हणाले.

"तेवढं सोडून."

"मग काय उपयोग!"

लोक हसले आणि बैठक सुरू झाली. बदलापूरच्या कात्रपमधल्या आमच्याच सोसायटीचा हॉल होता. आईने सेक्रेटरींना सांगून तो मिळवला होता, आणि शेजाऱ्यांना दारोदार जाऊन बोलावलंही तिनेच होतं. मी ज्या कंपनीत काम करते ती एक नवी ऑपरेटिंग सिस्टिम तयार करते आहे. पडद्यावर जी मराठी वाक्यं दिसतील ती मी लिहिते. अधूनमधून आम्ही लोकांमध्ये बसतो आणि त्यांना काय हवं ते विचारतो. विचारायचं काम जिज्ञासाचं. ती बदलापूर गावातली, तिच्यापुढे माणसं मोकळी होतात. मी बाजूला बसून लिहून घेते.

आई पहिल्या खुर्चीवर बसली होती. पप्पा गेल्यापासून ती चार माणसांत अशी बसली नव्हती. मी काय काम करते हे तिला प्रत्यक्ष बघायचं होतं, आणि त्याचा अभिमान तिच्या चेहऱ्यावर इतका उघड होता की मी तिकडे बघायचं टाळत होते.

अनंताकाका जिज्ञासाचे चुलते. हेंद्रेपाड्यात फ्लॅट विकून देण्याचा त्यांचा धंदा आहे. त्यांची तक्रार तयारच होती. "गिराईक समोर बसलंय, मी प्लॅन दाखवतोय, आणि हा बोलतो, अपडेट चालू आहे, बंद करू नका. अरे, तू नोकर का मी?"

"काका, तुम्ही तो कधी बंदच करत नाही, मग तो तरी कधी करणार?"

"मना विचारावं ना त्याने! शेठ, आता करू का? मी नाय बोललो तं गप बसावं."

मी लिहिलं: अपडेट माणसाच्या सोयीने. दुसऱ्या कोणाला पासवर्डच नको होते. एका आजोबांना मोठी अक्षरं हवी होती, पण मोठी केल्यावर पडद्याबाहेर पळून न जाणारी. एका बाईंना आपण काय करत होतो ते विसरलं तर आठवण करून देणारा कॉम्प्युटर पाहिजे होता. "मी स्वयंपाकघरात जाऊन येते तोवर मलाच आठवत नाही," त्या म्हणाल्या. "त्याने तरी लक्षात ठेवावं."

मग उमाबाई बोलल्या. त्या आमच्याच मजल्यावर राहतात, शाळेत मराठी शिकवतात.

"माझं एकच मागणं आहे. आमच्या जुन्या प्रश्नपत्रिका सगळ्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. शाळेत नवे कॉम्प्युटर आले. फाइल उघडली तर काय, नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टोप्या, डॉलरची चिन्हं. आमच्या हेडमास्तरांना वाटलं व्हायरस शिरला. मला म्हणाले, टाका पुसून. मी म्हटलं, थांबा. उल्हासनगरला कॅम्पात एकाकडे नेलं, त्याने तो जुना फॉन्ट टाकला आणि सगळं मराठी जागच्या जागी. एक काना हलला नव्हता. तर हे नव्या कॉम्प्युटरला स्वतःला ओळखू यायला हवं. हे मराठी आहे, जुन्या पद्धतीचं आहे, एवढं कळायला काय हरकत आहे?"

माझं लिहिणं थांबलं.

पप्पा आयुष्यभर उल्हासनगरच्या एका छापखान्यात मराठी टाइप करत होते. लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, निवडणुकीची हँडबिलं. असले फॉन्ट मी लहानपणापासून पाहिलेले. पण पप्पांच्या कॉम्प्युटरवर ते असायचेच, त्यामुळे पडद्यावर कायम मराठीच दिसायचं. फॉन्ट नसला तर काय दिसतं ते मी कधी बघितलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. खरं म्हणजे मी ते बघितलं होतं, पप्पा गेल्यावरचा पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यानंतरच्या आठवड्यात.

त्यांचा कॉम्प्युटर फार मंद झाला होता. आईला त्यावर बुद्धवंदना ऐकता यावी, फोटो बघता यावेत म्हणून मी त्यात आमची नवी सिस्टिम टाकली. जुनं सगळं आधी पेनड्राइव्हवर काढलं. फोटो आणि गाणी परत भरली. मग पेनड्राइव्हवरचं त्यांचं लिखाण उघडलं आणि समोर कंस, टोप्या, डॉलर आले. दोन फाइली बघितल्या, तिसरी बघितली. जुनी डिस्क, गेलं असेल खराब होऊन, असं मनाशी म्हणून मी सगळ्या एकदम निवडल्या. 'या फाइली कायमच्या पुसायच्या आहेत का?' असं पडद्यावर आलं. ते वाक्य माझंच होतं. 'डिलीट' चांगलं की 'पुसणे' यावर मी ऑफिसात बराच वाद घातला होता आणि जिंकले होते. मी 'होय' दाबलं.

ते लिखाण म्हणजे माझ्या आजीची, गयाबाईची हकिकत होती. ती अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्यात पेट्या भरायची. पप्पा निवृत्त झाल्यावर रोज थोडं थोडं तिच्याबद्दल लिहीत असत. आमच्याकडे स्मृतिदिनाला पुस्तकं वाटतात. पहिल्या स्मृतिदिनाला हीच हकिकत पुस्तिका करून विहारात वाटायची, असं आईने ठरवलं होतं. बुद्धभूषणकाका, म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ, आजीचा फोटो घालून मुखपृष्ठही करून बसले होते. मी आईला एवढंच सांगितलं होतं की डिस्क बिघडली आहे, नुसती चिन्हं दिसतात, पेनड्राइव्ह ऑफिसातल्या कोणाला तरी दाखवते, बघू. ऑफिसात 'बघू' म्हणजे नाही. घरात आईने त्याचा अर्थ हो असा घेतला.

"उमाबाई," आई खुर्चीत पुढे सरकली होती. "म्हणजे ते खराब झालेलं नसतं?"

"छे हो मायाताई. जसंच्या तसं असतं. फक्त आपल्याला दिसत नाही."

"अगं भावना!" आई माझ्याकडे वळली. इतक्या महिन्यांत तिचा आवाज असा लागला नव्हता. "ऐकलंस का? ह्यांचंही तसंच असणार. तूच म्हणालीस ना, चिन्हं चिन्हं दिसतात? फॉन्टच टाकायचा होता! बघा, ही एवढी शिकलेली, कॉम्प्युटरच्या कंपनीत, आणि हिच्या लक्षात नाही आलं."

लोक हसले. प्रेमानेच हसले.

"राजरत्न भाऊंनी काय लिहिलंय?" अनंताकाकांनी पप्पांचं नाव घेऊन विचारलं.

"आमच्या सासूबाईंचं सगळं. कारखान्यातलं, संपातलं. बोटं कशी सोलायची ते. छापणार आहोत आम्ही. तुम्हालाही देणार."

"मना वाचाया लावू नका, ऐकाया येतो."

"मला पेनड्राइव्ह देऊन ठेवा," उमाबाई म्हणाल्या. "परवा मी कॅम्पात जाणारच आहे."

"हिच्याकडेच आहे तो. दे गं भावना. बॅगेत असतो ना तुझ्या?"

तो बॅगेतच होता. त्या दिवशी सकाळी जिज्ञासाने त्यावर अंबरनाथच्या बैठकीचं रेकॉर्डिंग भरलं होतं. त्याआधी उल्हासनगरचं, त्याआधी कल्याणचं. लोकांना पुढच्या कॉम्प्युटरमध्ये काय काय हवं त्याने तो काठोकाठ भरला होता, आणि त्याखाली पुसलं गेलेलं पप्पांचं लिखाण आता परत निघणार नव्हतं.

"ऑफिसात राहिलाय," मी म्हणाले.

जिज्ञासाने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बॅगेकडे, मग पटकन हातातल्या कागदाकडे. "चला, आणखी कोणाचं राहिलंय?" ती म्हणाली. तिचा आवाज जरा जास्तच मोठा होता.

त्यानंतर लोक काय बोलले ते मी लिहिलं, पण ते नंतर रेकॉर्डिंगवरून पुन्हा लिहावं लागलं.  समोर आई शेजारच्या बाईंना पुस्तिकेचा आकार हाताने दाखवत होती.

चहा झाला, माणसं पांगली. उमाबाई जाताना म्हणाल्या, "परवापर्यंत आणा हं." हॉलमध्ये आम्ही तिघीच उरलो. टेबलावर जिज्ञासाचा फोन रेकॉर्डिंगसाठी ठेवलेला होता, तो तसाच चालू होता. आई कागदी कप एकात एक घालत होती.

"काकू, तुमचं राहिलंच की," जिज्ञासा म्हणाली. ती हे का म्हणाली ते मला कळलं. तिला तिथून उठायचं होतं आणि उठता येत नव्हतं. "तुम्हाला काय हवं?"

"मला काय कळतं त्यातलं? ह्यांचं तेवढं निघालं की झालं."

"आई," मी म्हणाले. "ते निघणार नाही."

"परवा उमाबाई—"

"पेनड्राइव्ह ऑफिसात नाहीये. बॅगेतच आहे. त्यात पप्पांचं काही उरलेलं नाही. मी पुसलं."

आईच्या हातात कपांची चळत होती. ती तिने टेबलावर ठेवली.

"चुकून?"

हो म्हणायला तिने मला जागा दिली होती. जिज्ञासाही मान खाली घालून त्या 'हो'ची वाट बघत होती असं मला वाटलं.

"नाही. खराब झालंय असं वाटलं म्हणून पुसलं."

"सगळं?"

"सगळं."

"कागदावर काढलं नव्हतं ह्यांनी," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "छापखान्याच्या शेठकडे आपलं घरचं कशाला छापायचं, म्हणायचे." मग तिने माझ्याकडे बघितलं. "त्याआधी वाचलं होतंस का तू? ते असताना? तुला किती वेळा म्हणाले, वाचून बघ."

"नाही."

जिज्ञासाने हळूच फोनकडे हात नेला.

"राहू दे चालू," आई म्हणाली. "मला विचारलंस ना काय हवं? सांगते. पुसायच्या आधी त्याने घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारावं. एकट्याचं ऐकून पुसू नये. होईल का असं?"

"होईल, काकू," जिज्ञासा म्हणाली. "म्हणजे... करता येण्यासारखं आहे."

मी लिहिलं. माझं कामच ते होतं.

"मला विचारलं असतं," आई पुढे म्हणाली, "तर मी तुला विचारलं असतं, का पुसतेस म्हणून. काय सांगितलं असतंस?"

खराब झालंय, हे उत्तर तोंडाशी आलं होतं. पण तेवढ्याने भागत नव्हतं, आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. खराब झालेली वस्तू आमच्या घरात कोणी लगेच टाकत नाही. पप्पांचं बंद पडलेलं घड्याळ अजून कपाटात आहे. मी फाइली ठेवू शकले असते. कोणाला तरी विचारू शकले असते, आणि ज्यांना विचारायचं असे लोक माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. पण चिन्हं दिसली तेव्हा मला आधी काय वाटलं होतं ते मला आठवत होतं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

"मला ते वाचायचं नव्हतं," मी म्हणाले. "मी इतकं वाचते, मला ते चांगलं लिहिलेलं वाटणार नाही अशी भीती होती. पप्पांनी विचारलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं. आणि ते गेल्यावरही... छापायच्या आधी मलाच वाचायला लागलं असतं. दुरुस्त करायला लागलं असतं. माझ्या ओळखीचे लोक ते वाचतील, असंही वाटलं."

 आईने कप पुन्हा उचलले.

"मला वाचून दाखवायचे ते," ती म्हणाली. "साधं लिहायचे. मला पुढचं ऐकायची घाई असायची, म्हणून भाजी करपायची माझी."

 तिने कप कचऱ्याच्या डब्यात टाकले, खुर्च्या भिंतीला लावायला सुरुवात केली. मी उठून मदत करू लागले तर तिने मला थांबवलं नाही आणि माझ्याकडे बघितलंही नाही. सगळ्या खुर्च्या लागल्यावर तिने कमरेचा मोबाइल काढला, चष्मा वर करून नंबर शोधून लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडे घंटी वाजत होती.

"बुद्धभूषणकाका आहेत," ती म्हणाली. "मला आत्ता सांगितलंस तसंच सांग. पूर्ण."

"जय भीम वहिनी!" काकांचा आनंदी आवाज आला. "अहो, बरं झालं तुम्हीच फोन केलात. तो छापणारा विचारतोय, पानं किती होणार?"

"काका, जय भीम," मी म्हणाले. "मी भावना बोलतेय."