आंबेनळीची शर्यत

महाडचा एक जुना छापखाना पाडायच्या आधी मालकाच्या मुलाने, सुहासने, पोटमाळा रिकामा केला. शिळ्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली एक पोस्टर निघालं. कोपऱ्यातली सही महाडच्याच म्हाताऱ्या अरविंदची होती, म्हणून त्याने ते सरळ त्याच्या घरी नेऊन दिलं.

अरविंदने गुंडाळी उलगडली. 'भव्य मोटार शर्यत! पोलादपूर ते आंबेनळीचा माथा. रविवार, २३ जानेवारी १९७७.' लाल आभाळ, पुढची दोन्ही चाकं हवेत उचललेली जीप, आणि स्टिअरिंगवर त्याचा जिवाभावाचा मित्र नाथू. खऱ्या नाथूला तेव्हा मिसरूडसुद्धा धड फुटलं नव्हतं. चित्रातल्या भरदार मिशा अरविंदने पदरच्या घातल्या होत्या. काय दिवस होते ते! बाविसाव्या वर्षी माणूस मित्राला मिशाच काय, पंखही लावतो.

शर्यत कसली, जत्राच ती. मुंबई-पुण्याच्या चकचकीत गाड्या आलेल्या, आणि त्यांच्यात पोलादपूरची एकच, नाथूने भंगारातून उभी केलेली जीप. शेजारच्या सीटवर घड्याळ घेऊन अरविंद. घाटाच्या तोंडाशी वाघजाई देवीची घुमटी होती. तिथे थांबून नारळ फोडल्याशिवाय पोलादपूरचा कुठलाच ड्रायव्हर घाट चढत नसे. अरविंद बौद्धवाडीतला, देव-नवस न मानणारा. त्यात जिंकायची घाई त्याला नाथूपेक्षा जास्त. तो ओरडला, "थांबू नको रे! मिनिट जाईल!" नाथू थांबला नाही, आणि कडेला उभ्या गर्दीने ते पाहिलं. पाच वळणं त्यांची जीप सगळ्यांच्या पुढे होती. सहाव्या वळणावर फॅनबेल्ट तुटला, इंजिन उकळलं, बॉनेटमधून वाफेचे लोट निघाले आणि चकचकीत गाड्या एकेक करून शेजारून निघून गेल्या.

मग काय, गावाला कारण आयतंच मिळालं. अरविंदच्या नादी लागून नाथूने देवीला डावललं, म्हणून हे झालं! पाणवठ्यावर तेच, एसटी स्टँडवर तेच. वाडीवरून बोलणी झाली ती वेगळीच. लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही, हे अरविंदला कळत होतं. त्याला लागलं ते नाथूचं गप्प बसणं. यात अरविंदचा काय दोष, असं तो एका शब्दाने म्हणाला नाही. त्या उन्हाळ्यात अरविंदने महाडच्या एका शाळेत कारकुनी धरली, ब्रश ठेवला तो कायमचा, आणि नाथूच्या घरची पायरी पुन्हा चढला नाही.

आता सत्तरीला येईपर्यंत एकच प्रश्न त्याच्या मनात राहून गेला होता. नाथूनेसुद्धा आपल्यालाच दोषी धरलं का? पोस्टर काखेत मारून त्याने पोलादपूरची एसटी धरली.

नाथू ओट्यावर बसला होता. त्याने लगेच ओळखलं. अरविंदने पोस्टर त्याच्या मांडीवर पसरलं.

"मिशा लय दिल्यास रे," पोस्टर न्याहाळत नाथू म्हणाला.

"नाथू, एकच विचारायला आलोय. देवीला डावललं म्हणून बेल्ट तुटला, असं तुलाही वाटलं का?"

"डावलली कुठं? त्या दिवशी पहाटंच चालत जाऊन नारळ फोडून आलो होतो मी. तू हसला असतास, म्हनून सांगितलं नाय."

अरविंद त्याच्या शेजारी ओट्यावर टेकला.

"बेल्ट चिरलेला होता," नाथू पुढे म्हणाला. "मला ठाव होतं. म्हटलं, येवढा घाट काढंल. आनि माझं गॅरेज तर नवंच टाकलेलं. ज्याला आपल्या गाडीचा बेल्ट बघता येत नाय, त्याच्याकडं गाडी कोन आननार? लोक तुला बोलत होते. मी बोलू दिलं."

सत्तेचाळीस वर्षं! अरविंद उठून उभा राहिला. "मग आता सांग! आत्ता सांग सगळ्यांना!"

"कोनाला सांगू?" नाथू म्हणाला. "कुशाबा गेला, महादू गेला, हैबती गेला. तुला बोलनारा कोन ऱ्हायलाय?"

खरंच होतं ते. ज्यांच्यासमोर निर्दोष ठरायचं, ते सगळे केव्हाच मातीआड झाले होते. अरविंदला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

"मी हाय की."

दारात नाथूची बायको धोंडूबाई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. शर्यतीच्या वेळी ती नवी नवरी होती, आणि नवऱ्याची जीप घाटात अडकल्याचं कळल्यावर तिने अरविंदच्या नावाने कडाकडा बोटं मोडली होती.

"सत्तेचाळीस वर्सं माझ्या तोंडून या मानसाला शिव्या घालून घेतल्यात?" ती नवऱ्यावर कडाडली. "आनि माझ्याच हातचं जेवत ऱ्हायलात?" मग अरविंदकडे वळली. "भावजी, मीपन बोलले होते तुमाला. चुकलं माझं."

एवढं म्हणून ती ओट्याच्या कडेला गेली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ऐका गो! शर्यतीत बेल्ट आमच्या यांचा चिरलेला होता! अरविंदभावजींचा कायबी दोस नाय!"

समोरच्या घरातली मीना मोबाईल हातात घेऊन बाहेर आली. "कसली शर्यत, काकी?"

"हितं येऊन बस," धोंडूबाई म्हणाली आणि तिने नाथूला कोपराने ढोसलं. "तुमीच सांगा तिला."

नाथूने अरविंदकडे पाहिलं आणि सांगायला सुरुवात केली. पहिलं वाक्य त्याने चिरलेल्या बेल्टचंच सांगितलं.