रंगाखालची अक्षरे

मित्रांनो, माझ्यासारख्या पुष्कळ पाट्या तुम्ही आजवर वाचल्या असतील. आज पाटी स्वतःच बोलणार आहे, तेव्हा जरा दम धरा.

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. शाळेतली नव्हे, एका सर्जनबाईंच्या दवाखान्याच्या ओट्यावर दाराशेजारी टांगलेली. अंगाने जाड आणि स्वभावाने हट्टी. माझ्या मधोमध एक गाठ आहे, तिच्यावर सुताराचा रंधा सारखा अडायचा. ‘ही काही वाकणारी नाही,’ असे तो तेव्हाच म्हणाला होता. मी त्याचा शब्द खाली पडू दिलेला नाही.

पेंटरने मला पांढरा हात मारला आणि त्यावर काळ्या रंगाने ठसठशीत लिहिले : ‘चेहरा व मान यांची शस्त्रक्रिया. आत येऊन विचारा.’ रंग त्याने इतका सढळ हाताने लावला, की अक्षरे बोटाला लागायची. डॉक्टरबाई तेव्हा नव्या होत्या. रोज सकाळी दार उघडण्याआधी त्या स्वतः ओल्या फडक्याने मला पुसायच्या. भाजलेली, अपघातात सापडलेली माणसे यायची, तशीच गाल ओघळले म्हणून मन खट्टू झालेलीही यायची. शस्त्रक्रिया हा शब्द वाचून काहीजण पायरीवरूनच मागे फिरत. मला वाईट वाटे. बाई म्हणत, घाबरले तर घाबरू देत, घरी जाऊन विचार तरी करतील.

पुढे दवाखान्याचा कारभार बाईंच्या धाकट्या भावाने हाती घेतला. माणूस मनाने वाईट नव्हता, पण उचलली जीभ लावली टाळ्याला असा त्याचा खाक्या. या पाटीमुळे लोक पायरीवरून पळतात, असे त्याने ठरवून टाकले. पेंटर आला. जुना रंग खरवडायचा त्याला कंटाळा, म्हणून त्याने माझ्या अक्षरांवर सरळ नवा हात मारला आणि लिहिले, ‘नवतारुण्य लिफ्ट’. लिफ्ट म्हणजे ओघळलेला चेहरा वर ओढून घट्ट करणे. काही वर्षांनी मी ‘गुलाबपाकळी लिफ्ट’ झाले. पलीकडच्या गल्लीत कुणी ‘चांदणी लिफ्ट’ सुरू केला, तेव्हा आमच्याकडे ‘पौर्णिमा लिफ्ट’ आला. दर वेळी अंगावर एक नवा थर चढला आणि खिळ्यावरचे माझे ओझे वाढले. आत मात्र त्याच बाई, तेच हात आणि तेच काम. बाईंना ही नावे पटत नव्हती. आत आल्यावर मी सगळे नीट सांगतेच की, असे म्हणून त्या तो विषय सोडून द्यायच्या. पण आत येईपर्यंत बहुतेकांचे मन माझ्यापाशीच ठरलेले असायचे, आणि ठरलेल्या मनाला कुणी काही सांगितले तरी अर्धेच ऐकू जाते.

शेवटचे नाव होते ‘सोमवार लिफ्ट’. शुक्रवारी करा, सोमवारी कामावर जा. हे जेमतेम एखाद्याच्या बाबतीत खरे ठरायचे. बाईंनी हटकले, तेव्हा भाऊ हसत म्हणाला, “अगं, सोमवार लिहिलंय. कुठला सोमवार ते कुठे लिहिलंय?” बाई हसल्या नाहीत, पण रंग सुकेपर्यंत काही बोलल्याही नाहीत. एव्हाना मला पुसणे बंदच झाले होते. माझ्या पाठीमागे एका कोळ्याने संसार थाटला होता.

अशाच एका गुरुवारी दिवस कलताना दोघी जणी ओट्यावर आल्या. त्यांच्या बोलण्यावरून कळले, की एक वहिनी आणि दुसरी तिची थोरली नणंद. वहिनी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. अलीकडे येणारे गिऱ्हाईक तिला विचारायचे, ताई, बरं नाही का? एकदा झाले, दोनदा झाले. रोजच व्हायला लागले, तेव्हा तिने मनाशी ठरवले. नवऱ्याने पेपरमधून डोके वर न काढता सांगितले होते, की तू छानच दिसतेस. त्याचे तिने मनावर घेतले नव्हते.

“मी दमलेली नाही, ताई,” ती नणंदेला म्हणाली. “चेहरा उगाच दमल्यासारखा दिसतो. तो माझ्याबद्दल खोटं सांगतोय, एवढंच मला बंद करायचंय.”

फोनवरून दुसऱ्याच दिवसाची, शुक्रवारची, वेळ ठरली होती. आज फक्त डॉक्टरांना भेटून सही करायची होती. आणि सोमवारी तिच्या दुकानाची दुसरी शाखा उघडणार होती. इतक्या वर्षांनी तिथला कारभार तिच्या हाती येणार होता आणि पहिल्या गिऱ्हाइकासाठी दार तिनेच उघडायचे होते. सुजलेल्या, निळ्या पडलेल्या तोंडाने ती तिथे उभी राहणार होती. तिला याची कल्पना नव्हती. मला होती, पण पाटीला तोंड कुठे असते?

ती निर्धास्त होती, कारण नणंदेने दुसऱ्या शहरात ‘सोमवार लिफ्ट’च करून घेतला होता आणि खरोखर सोमवारी ती कामावर गेली होती. वर्षाच्या आत गाल पुन्हा माहेरी आले ती गोष्ट वेगळी, असे तीच हसत सांगत होती.

तेवढ्यात उन्हे तिरपी झाली. भिंतीला घासून ऊन आले, की माझ्या अंगावरचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. वहिनी समोरच्या बाकावर होती. काचेवरचा ओरखडा बघायचा तर काच उजेडात तिरकी धरायची, ही तिची रोजची सवय. तिने मान कलती केली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग उठून जवळ आली आणि माझ्यावरून अंगठा फिरवू लागली. कित्येक वर्षांत मला कुणी हात लावला नव्हता.

‘सोमवार’च्या खाली तिला ‘पौर्णिमा’ सापडली, तिच्याखाली ‘पाकळी’. सगळ्यांत खालची जाड अक्षरे तिने एकेक करून लावली आणि ती थांबली.

“ताई, खाली शस्त्रक्रिया लिहिलंय. तुम्हाला कानापाशी टाके पडले होते?”

“छे गं. सुईनं दोरे घातले होते आतून. दोन-चार टोचल्याच्या खुणा, बाकी काही नाही.”

“म्हणजे तुमचं आणि इथलं नाव एकच आहे, काम दुसरंच आहे.”

नणंदेचा हात आपसूक स्वतःच्या कानामागे गेला.

डॉक्टरबाईंची खोली माझ्या शेजारच्या खिडकीला लागून आहे, त्यामुळे पुढचे सगळे मला दिसले आणि ऐकूही आले. भावाने सोमवार लिफ्टचे कौतुक सुरू केले होते. वहिनीने त्याला मध्येच थांबवले. तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात माझ्यासारखीच एक गाठ होती.

“नाव राहू दे. नाव काढून टाकलं, तर माझ्या चेहऱ्याला तुम्ही काय करणार आहात, ते सांगा.”

बाईंनी हातातले पेन खाली ठेवले. कानाच्या पुढून, पाळीखालून आणि मागे केसांत जाणारी चीर कशी असते, ते त्यांनी स्वतःच्याच कानावर बोट फिरवून दाखवले. नुसती कातडी ओढत नाही, तिच्या खालचा थर घट्ट करावा लागतो, म्हणाल्या. सूज आणि निळेपणा उतरायला दोन-तीन आठवडे लागतात, कधी जास्तही. कानाजवळचा भाग काही महिने बधिर राहू शकतो. कातडीखाली रक्त साचू शकते, क्वचित चेहऱ्याची नस दुखावते. व्रण फिकट होतो, पुसला जात नाही. आणि वय काही थांबत नाही, गाल आज आहेत तिथून पुन्हा उतरणीला लागतातच. वहिनीने प्रश्नावर प्रश्न विचारले. भूल कोण देणार, चीर तुम्ही स्वतः घालणार का, रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलणार. दोऱ्यांनी भागणार नाही का, असेही तिने विचारले. तुमचे गाल पार मानेपर्यंत ओघळले आहेत, दोऱ्यांचा तिथे उपयोग नाही, आणि काहीच न करणे हाही एक मार्ग आहे, असे बाईंनी सरळ सांगितले. मग तिने फोटो मागितले. दहा दिवसांनंतरचे नकोत, वर्षानंतरचे हवेत, आणि आधीचा व नंतरचा एकाच उजेडात काढलेला हवा. उजेड बदलला की चेहरा बदलतो, हे चष्म्याच्या दुकानात रोज दिसतेच.

सगळे बघून झाल्यावर तिने फोटो बाईंकडे परत सरकवले.

“उद्याचं रद्द करा,” ती म्हणाली. “करायचं नाही असं नाही. करायचंय, पण सोमवारसाठी नाही करायचं.”

भावाने घसा खाकरला. नणंदेने कपाळावर हात मारला. “माझं म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा झालं,” ती म्हणाली, “आणि तोच वाळा मी तुझ्या हातात घालत होते, वहिनी.”

त्या दोघी गेल्यावर बाई ओट्यावर आल्या. ऊन अजून होते. त्यांनीही मान कलती केली आणि स्वतःची जुनी अक्षरे वाचली. मग तिथूनच त्यांनी पेंटरला फोन लावला. दुसऱ्याच दिवशी पेंटर आला, आणि या वेळी रंग खरवडायचा पत्रा घेऊन आला. भाऊ पुष्कळ कुरकुरला, बाईंनी ऐकून घेतले नाही. खरवडताना मला फार लागले. गुलाबाची पाकळी, पौर्णिमा, सगळे पापुद्रे होऊन ओट्यावर पडले. माझ्यावर इतक्यांदा कायाकल्प झाला, पण मला मानवला तो हा एकच. टवके उडालेली का होईना, माझी पहिली अक्षरे पुन्हा उजेडात आली. आता काही माणसे पायरीवरून परत जातात. जाऊ देत.

नवी शाखा नीट चालू लागल्यावर वहिनीने दुकानाच्या मालकांकडे रीतसर रजा मागितली. कशासाठी, तेही सांगितले. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, असे ती पायरी चढताना नणंदेला म्हणत होती. हातात बॅग होती आणि चेहरा जरा उतरलेला होता, कारण भीती तिलाही वाटत होती. ती माझ्यासमोर थांबली. पर्समधून चष्मे पुसायचा मऊ रुमाल काढून तिने ‘शस्त्रक्रिया’ हा शब्द लख्ख पुसला, पुन्हा एकदा वाचला आणि आत गेली. सूज उतरायला बाईंनी सांगितला होता तेवढाच वेळ लागला. पुढे तपासणीला आली तेव्हा ती काही वीस वर्षांची दिसत नव्हती. दिसत होती तिच्यासारखीच, फक्त झोप पूर्ण झालेली. आता गिऱ्हाईक तिला चष्म्याचेच विचारतात, असे तिने बाईंना सांगितले.

मित्रांनो, तुमचे गाल अजून घट्ट आहेत. पुढे ते ओघळतील, तेव्हा ते वर ओढायचे की तसेच राहू द्यायचे, ते तुमचे तुम्ही ठरवा, त्यात माझे काही म्हणणे नाही. पण नाव ऐकून ठरवू नका. नाव कुणीही ठेवते, टाके मात्र आपल्याच कातडीला पडतात.

आणि माझ्यासाठी काही करावेसे वाटले, तर कृपा करून नवा रंग आणू नका. वहिनीने जाताना तो रुमाल माझ्या खिळ्याला अडकवून ठेवला आहे. अक्षर पुसट वाटले, तर तो घ्या, मला पुसा, पूर्ण वाचा, आणि मगच पायरी चढा.