चौदा नंबरचा पिवळा

आमच्या हॉलमधलं काचेचं कपाट पाहून पाहुणे हसू दाबतात. साठीच्या माणसाकडे लहान मुलांच्या हस्तकलेचे एकेचाळीस जुने डबे! मण्यांचे, भरतकामाचे, प्लास्टरच्या साच्यांचे, आकड्यांप्रमाणे रंग भरायच्या चित्रांचे. बायको म्हणते, "मिरवायचे यांनी आणि पुसायचे मी." हसा म्हणावं. पण कुणी झाकणाला हात लावला की मी अंगावर धावून जातो.

सीलबंद डबा उघडायचा नाही, हा आमच्या छंदातला पहिला नियम. तो मी कालपर्यंत नऊ वेळा मोडला होता, एकाच चित्रापायी. तळ्याकाठचं घर, संध्याकाळची वेळ, रंगांच्या चौदा बाटल्या. नऊही डब्यांचं सील शाबूत होतं, तेरा बाटल्या जागच्या जागी होत्या आणि चौदावी खाच रिकामी. जुन्या वस्तूंचा दुकानदार शपथा घेऊन थकला. त्याला बोल लावायला मला तोंड कुठे होतं?

हे चित्र माझ्या बहिणीचं. ठमी सात वर्षांची होती, मी दहा. अंथरुणाला खिळली होती, तरी तिथून सगळ्या घरावर हुकूम सोडायची. पुढचे दोन दुधाचे दात पडलेले, पण प्रत्येक झाकण दातानेच उघडायची आणि आईचा ओरडा खायची. चौदा नंबरचा पिवळा तिने खिडक्यांसाठी शेवटी राखून ठेवला होता. रोज झाकण काढून नुसता वास घ्यायची आणि परत लावायची.

एक दिवस स्वयंपाकघरात मावशी डोळे पुसत म्हणाली, "एवढं चित्र पूर्ण होईपर्यंत तरी राहू दे पोरीला."

माझं धाबं दणाणलं. म्हणजे चित्र पूर्ण झालं की ठमी जाणार! चारच खिडक्या उरल्या होत्या. मी पिवळा रंग गटारात ओतला आणि बाटलीही फेकून दिली.

"दादा, चौदा नंबर तू घेतलास?"

"मी कशाला घेऊ?"

तीन दिवस ती तेवढंच विचारत होती. चौथ्या दिवशी विचारायला ती नव्हती.

ते चित्र आईच्या खोलीत टांगलंय. काळंनिळं घर आणि चार कोऱ्या खिडक्या. आता आईनेच अंथरूण धरलंय. गेल्या आठवड्यात म्हणाली, "माझ्या डोळ्यांदेखत तेवढ्या खिडक्या भर रे."

काल दहावा डबा आला. आज दुपारी उघडला, तर चौदा नंबर जागेवर होता. बाटली हलवली, आतला रंग डुचमळला. झाकणावर दातांचे बारीक व्रण होते, मधल्या दोन दातांची जागा मोकळी. बाटली तिथेच टाकून पळावंसं वाटलं, पण आई वाट बघत होती.

तिच्या उशाशी बसून तीन खिडक्या भरल्या. चौथीशी हात अडला. एवढा घोडा झालो तरी मी तोच दहा वर्षांचा पोरगा होतो. मी झाकण लावून टाकलं.

"चौथी राहिली," आई म्हणाली.

"रंग संपला."

"आण ती बाटली."

तिने झाकण चाचपलं. व्रणांवर तिचा अंगठा थांबला. "कितीदा सांगितलं कार्टीला, दात लावू नकोस." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "रंग संपला नाहीये. तेव्हाही तू खोटंच बोललास."

"तुला माहीत होतं?"

"तुझी बोटं पिवळी होती रे. का केलंस, तेवढं मात्र कधी कळलं नाही."

मी सांगितलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा, हमसून हमसून रडत सांगितलं. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"वेडा कुठला! तू तिला ठेवून घ्यायला गेलास आणि पोर अजून अंधारात बसलीय. दे तो ब्रश."

"आई, नको ना."

"दे म्हणते ना."

तिने चौथी खिडकी भरली. रंग रेघेबाहेर थोडा गेला. मग उशीवर डोकं टेकून ती चित्राकडे बघत राहिली.

रंग वाळायला एक तास लागतो, असं डब्यावर छापलंय. मी आईचा हात धरून, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून बसलोय.