एक ते दीड

पंधरा दिवसांत चौथ्यांदा दूध नासलं, तेव्हा त्याने तावातावाने कंपनीला फोन लावला आणि स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. एरवी तो फोनवर कुणाशी भांडणारा माणूस नव्हे. पण बायको आठवडाभर फ्रिजच्या नावाने खडे फोडत होती, आणि आपलंही घरात लक्ष आहे हे तिला दिसावं असं त्याला वाटलं. हल्ली त्याला असं फार वाटायचं.

शनिवारी संध्याकाळी कंपनीची मुलगी आली. वयाने लहान, कामाला चुणचुणीत. बाहेरच्या खोलीत एका भिंतीवर उंच पांढरी पेटी बसवलेली होती. तिच्यातून वीज हवेतूनच निघायची आणि समोरच्या भिंतीजवळच्या फ्रिजवर, कमरेएवढ्या उंचीला चिकटवलेल्या काळ्या पट्टीवर पोचायची. ना वायर, ना प्लग. वर्षभरापूर्वी अख्ख्या इमारतीत हेच आलं होतं. आणि ज्या केबलच्या कारखान्यात त्याने बावीस वर्षं घरगुती वायर बनवली, तिथला तो विभाग दोन महिन्यांपूर्वी बंद झाला होता. हे घरात फक्त त्याला माहीत होतं.

रोज सकाळी तो जेवणाचा डबा घेऊन निघे आणि कोपऱ्यावरच्या बागेत बसे. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला गेली की नऊच्या ठोक्याला परत घरी. पाचला पुन्हा बाहेर, आणि साडेसहाला कामावरून आल्यासारखा दमलेला चेहरा करून हजर. मधला दिवस नुसत्या येरझाऱ्या. बूड टेकवून बसवतच नसे. कारखान्यात तो मशीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत असे, पळती वायर बोटांच्या चिमटीतून जाऊ देत, आवरणाला कुठे गाठ आलीय का ते चाचपत. आता हातात वायर नव्हती, तरी चिमूट चालूच होती. नवी नोकरी मिळाली की दोन्ही गोष्टी एकदमच सांगू, असं त्याने ठरवलं होतं. दोन महिने तो तेच ठरवत होता.

"काका, जरा एका जागी बसता का?" मुलगी हातातल्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "तुम्ही मध्ये आलात की बंद पडतंय."

तो खुर्चीत बसला. गुडघा हलतच राहिला.

"म्हणजे?" बायकोने विचारलं.

"माणूस मध्ये आला की वीज थांबते, काकू. कुणाला इजा नको म्हणून. मग अर्ध्या मिनिटाने आपोआप सुरू होते. यंत्रात काही दोष नाही. दिवसा घरी कोण असतं?"

"कुणी नाही. हे कारखान्यात, मी दुकानात."

"असं कसं? काल बाराशे वेळा कुणीतरी मधून गेलंय."

बायकोच्या डोक्यात तिडीकच गेली, कारण घराची दुसरी किल्ली तिच्या धाकट्या भावाकडे होती आणि त्या भावाला कामाचं वावडं होतं.

"आमचे बंधुराज! दुसरं कोण?" तिने फोन लावला, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा. "काय रे, दिवसभर माझ्या घरात लोळत असतोस होय? लाज आहे का काही?"

"ताई, आईशपथ, मी तिकडे फिरकलेलोसुद्धा नाही."

"खोटं बोलू नकोस! लहानपणापासूनची खोड तुझी."

"अगं, ऐकून तर घे..."

त्याने फक्त तोंड मिटून बसायचं होतं. मेव्हण्याचं नाव आधीच इतकं खराब होतं की आणखी एका डागाने काही बिघडणार नव्हतं. उद्यापासून बागेतच दिवस काढला असता, म्हणजे मिटलं. पण फोनमधला आवाज एकाएकी रडवेला झाला. "ताई, या वेळी खरंच मी नाही गं."

त्या 'या वेळी'ने त्याला बसू दिलं नाही.

"त्याला बोलू नकोस," तो उठत म्हणाला. "मीच असतो घरी. आमचा विभाग बंद झाला. दोन महिने झाले."

"मग मी फोन ठेवू का?" भावाने हळूच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ठेवला.

कंपनीच्या मुलीचं डोकं अजून पडद्यातच होतं. कोडं सुटल्याच्या आनंदात ती म्हणाली, "बरोबर, एकच माणूस आहे. रोज नऊला सुरू, पाचला बंद. चाल अगदी एका मापाची. फक्त एक ते दीड एकदम शांत."

एक ते दीड कारखान्यात जेवणाची सुट्टी असे. ते बायकोला कुणी सांगायची गरज नव्हती. बावीस वर्षं भल्या पहाटे उठून तिने त्याच अर्ध्या तासासाठी डबा भरला होता.

"डबा इथेच खात होतात?"

"हो."

"गरम तरी करून?"

"गरम केलं की घरभर वास राहतो गं."

"ताटात वाढून?"

"डब्यातूनच. ताट धुतलं असतं तर ते ओलं राहिलं असतं. तुला कळलं असतं."

तिला भयंकर राग आला. त्या ओल्या ताटाचा विचार त्याने केला होता, याचा तर सगळ्यात जास्त आला. "स्वतःच्या घरात चोरासारखं जेवलात," ती म्हणाली.

काय करावं ते न कळून तो चालायला लागला. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. फ्रिज एकदा गुरगुरला आणि गप्प झाला.

"उपाय सोपा आहे," मुलगी चाचरत म्हणाली. आता कुठे तिच्या ध्यानात येत होतं. "काकांनी तेवढं फिरणं थांबवलं की..."

"त्यांना फिरू दे," बायको डोळे पुसत म्हणाली. "तुमची पेटी हलवा."