आमच्याच जाळीतली घार

कबुतरांची जाळी बसवणाऱ्या कंपनीने ‘जाळी बसवायची घाई करू नका’ असं लिहावं, हे लवूच्या काही केल्या पचनी पडेना.

“ताई, आपण धंदा करतोय की समाजसेवा?” गाळ्याच्या दारात जाळीचं भेंडोळं टाकत त्याने विचारलं.

सुगंधाने मान वर केली नाही. ती टाइप करत होती. ‘बाल्कनीत घरटं असेल, अंडी असतील, तर पिल्लं उडेपर्यंत थांबा. घाईने जाळी लावलीत तर आई बाहेर राहील, पिल्लं आत मरतील आणि वास तुमच्याच घरात येईल.’ एवढं लिहून तिने बटण दाबलं आणि मग भावाकडे बघितलं. “धंदाच करतेय. थांबलेला माणूस नंतर मलाच फोन करणार.”

भाईंदर पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत ‘मयेकर नेट्स’चा हा गाळा. लवू कामगारांना घेऊन इमारतींवर चढायचा आणि सुगंधा फोन, मापं, बिलं सांभाळायची. आधी ती मुंबईत विम्याच्या ऑफिसात होती, त्यामुळे वैतागलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते तिला चांगलंच जमायचं. सुरुवातीची वर्षं एकाने दुसऱ्याला सांगून कामं येत गेली. मग लोक मोबाईलवर शोधायला लागले. जे नाव आधी दिसेल त्याला फोन जाऊ लागला आणि मयेकरांचा फोन थंडावला.

म्हणून त्यांनी मीरा रोडच्या नीरजला धरलं. नीरजची जाहिरातीची छोटीशी एजन्सी होती. दर सणाला तो कंपनीच्या फेसबुक पानावर दिवे, फुगे, फुलं टाकायचा, मधूनच उडत्या कबुतरावर लाल तिरकी रेघ मारून ‘आजच बुक करा’ म्हणायचा. लाइक भरपूर यायचे, फोन मात्र यायचे नाहीत. एक दिवस सुगंधाने लाइक देणाऱ्यांची नावं एकेक करून उघडून बघितली. कोणी बिहारात, कोणी आसामात, कोणी नीरजच्या कॉलेजातला. भाईंदरची बाल्कनी यातल्या कोणालाच नव्हती.

“नीरज, हे लोक माझ्याकडून जाळी घेणार आहेत का?”

“मॅडम, ब्रँड असाच बनतो. हळूहळू.”

सुगंधाला ते पटलं नाही. दिवसभर फोनवर लोक तिला तेच तेच प्रश्न विचारायचे. ऊन अडेल का, रंगकामाच्या वेळी काढता येते का, पक्ष्यांना इजा होते का, मांजर कुरतडेल का. ती प्रत्येकाला तीच उत्तरं द्यायची. मग हीच उत्तरं लिहून ठेवली तर? त्यातून कंपनीचा ब्लॉग सुरू झाला. बोलतो तशा मराठीत, मध्ये मध्ये हिंदी, सोबत लवूच्या मोबाईलमधले फोटो. दर बुधवारी एक लेख.

“आजकाल वाचतं कोण, मॅडम? रील टाका,” नीरज म्हणाला.

“ज्याच्या बाल्कनीत घाण झालीय तो वाचतो. बाकीच्यांशी मला काय करायचंय?”

पहिले काही महिने खरंच कोणी वाचलं नाही. तरी तिने बुधवार चुकवला नाही. मग तुरळक फोन येऊ लागले. ‘तुमचं ते घरट्याचं वाचलं, आमची पिल्लं उडाली, आता या,’ असं एक बाई म्हणाल्या तेव्हा सुगंधाने लवूकडे नुसतं बघितलं. लवूने मान डोलावली.

आणि मग एका शनिवारी सकाळी फोन वाजायला लागला तो थांबेचना.

पहिला माणूस शिव्या देऊन मोकळा झाला. दुसऱ्याने ‘लाज वाटते का’ विचारलं. तिसऱ्या फोननंतर सुगंधाने फेसबुक उघडलं. मीरा रोडच्या एका ग्रुपवर व्हिडिओ फिरत होता. बेव्हर्ली पार्कमधली इमारत, मागच्या डक्टवरची, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीवरची, हिरवी जाळी, आणि नवव्या मजल्यापाशी तिच्यात एका पंखाने लटकलेली घार. घार धडपडायची, दमायची, पुन्हा धडपडायची. कॅमेरा जवळ जाऊन जाळीच्या कडेवरच्या पिवळ्या पाटीवर थांबला होता. ‘मयेकर नेट्स’, खाली फोन नंबर. व्हिडिओ टाकणारीचं नाव होतं इशिता. तिने वर लिहिलं होतं, ‘पक्ष्यांना जपा म्हणून ब्लॉग लिहितात ना? ही बघा त्यांची जाळी.’

नुसती शिवी असती तर सहन झाली असती. हे तिचंच लिहिलेलं तिच्या तोंडावर फेकलं होतं.

तेवढ्यात नीरजचा फोन. “मॅडम, घाबरू नका. पान दोन दिवस बंद करू. कमेंट उडवतो. माझ्याकडे पन्नासएक अकाउंट आहेत, त्यांच्यावरून चांगले रिव्ह्यू टाकतो. सोमवारपर्यंत लोक विसरतील.”

“काहीही उडवू नका. कशालाही हात लावू नका,” सुगंधा म्हणाली आणि फोन ठेवला.

लवू व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होता. “जाळी आपलीच आहे. पण लावून किती वर्षं झाली, गॅरंटी कधीच संपली. डिशवाल्याने नाहीतर एसीवाल्याने कापली असणार. तसंच लिही.”

“लवू, घार कधीपासून लटकलीय?”

“सकाळपासून म्हणतायत.”

“मग आधी दोर काढ. कोणी कापली ते तिथे जाऊन बघू.”

निघण्याआधी तिने दोन गोष्टी केल्या. वरसाव्याच्या धर्माजींना फोन केला. अडकलेले पक्षी, घरात शिरलेले साप सोडवणारा हा माणूस तिला घरट्याच्या लेखाच्या वेळी भेटला होता. आणि इशिताच्या पोस्टखाली तिने लिहिलं, ‘जाळी आमचीच आहे. आम्ही निघालोय. तोपर्यंत कृपा करून कोणी काठीने ढोसू नका.’

बेव्हर्ली पार्कला टेम्पो पोचला तेव्हा इमारतीखाली गर्दी जमली होती. सगळ्यांचे मोबाईल वर. गेटपाशी पाठीला सॅक लावलेली एक तरुणी पुढे आली.

“मी इशिता. आलात? कॅमेरे बघून आलात ना?”

“तुमची पोस्ट बघून आले,” सुगंधा म्हणाली. “शूटिंग चालू ठेवा. फक्त फ्लॅश नको, आणि या मुलांना जरा मागे घ्या.”

इशिता वळली आणि पोरांना मागे सारायला लागली.

लवू गच्चीवरून दोराला पट्टा अडकवून उतरला. धर्माजी नवव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकले होते, हातात जुना टॉवेल. घारीने लवूला जवळ येताना बघितलं आणि जिवाच्या आकांताने नख्या मारल्या. त्याच्या हाताला रक्ताची रेघ उमटली. खाली कोणीतरी किंचाळलं. धर्माजींनी टॉवेल टाकला, घारीचं डोकं झाकलं, आणि ती एकदम शांत झाली. मग लवूने कात्रीने तिच्याभोवतीची जाळी कातरली.

“पंख मोडला न्हाय,” धर्माजी वरून ओरडले. “पण मुरगळलाय. लगेच सोडता येनार न्हाय.”

खाली टाळ्या वाजल्या. सुगंधाला वाटलं, आता सुटलो. पण लवू अजून दोरावरच होता. तो जाळीच्या कडेची दोरी बोटांत धरून बघत होता. त्याने ती ओढली आणि तिचा भुगा झाला.

“ताई,” त्याचा आवाज डक्टमध्ये घुमला, “कोणी कापलेली नाही. दोरी कुजलीय. उन्हाने गेलीय.”

सगळ्यांनी ऐकलं. इशिताचा मोबाईल हळूच सुगंधाकडे वळला. ‘तपासून सांगतो’ एवढं म्हणून गाडीत बसता आलं असतं. तिने पदर नीट केला आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

“तुम्ही ऐकलंत. जाळी आमची. कडेची दोरी कुजली, फट पडली, त्यात घार शिरली. जाळीच्या आधी दोरी जाते, हे आम्हाला माहीत असायला हवं होतं. आम्ही लावून गेलो आणि परत वळून बघितलं नाही. ही आमची चूक. या इमारतीतली आमची प्रत्येक जाळी आम्ही तपासणार, दोरी बदलणार. त्याचं काही घेणार नाही. आणि जिथे जिथे आमची पाटी आहे तिथल्या लोकांनी आम्हाला फोन करा.”

परतताना टेम्पोत लवू खिडकीपाशी बसला होता. हातावर फडकं बांधलेलं. मग एकदम फुटला.

“सगळ्या इमारती फुकट? आणि ते जगासमोर बोलायची काय गरज होती?”

“प्रश्न चारचौघांत आला, लवू. उत्तर कोपऱ्यात कसं देणार?”

“मी वरून बोललो ते चुकलंच माझं.”

“तू खरं बोललास. म्हणून मला खरं बोलता आलं.”

त्या आठवड्यात तिने बुधवारची वाट बघितली नाही. रविवारी दुपारीच ‘आमच्या जाळीत घार अडकली’ हा लेख ब्लॉगवर आला. कुजलेल्या दोरीचा जवळून काढलेला फोटो, ती का कुजते, आणि घरबसल्या कशी तपासायची: खिडकीच्या आतून बोटाने ओढा, पावडर हाताला लागली तर समजा दोरी संपली. मग ती दोरी कोणत्याही कंपनीची असो. नीरजने कपाळावर हात मारला. “मॅडम, दुसऱ्या कंपन्या याचे स्क्रीनशॉट काढून फिरवतील.”

फिरवलेही. दोन सोसायट्यांनी ठरलेली कामं काढून घेतली. लवू दोन दिवस ताईशी कामापुरतंच बोलला. पण तिसऱ्या दिवशी तो प्लास्टिक चढवलेल्या तारेचं नवं गुंडाळं घेऊन गाळ्यात आला. “दोरीच नको आता. ही वाकते पण कुजत नाही,” एवढंच म्हणाला आणि बेव्हर्ली पार्कला गेला.

इकडे लोक रोज एकच प्रश्न विचारायला लागले. घार कशी आहे? सुगंधा रोज धर्माजींना फोन करायची आणि ते सांगतील तसं लिहायची. ‘आज मांसाचे तुकडे खाल्ले.’ ‘आज पंख पसरला, पण खाली पडली.’ ‘अजून उडत नाही.’ नीरजला त्यात मोठी संधी दिसली. “सोडायच्या दिवशी मी कॅमेरामन पाठवतो. स्लो मोशन, मागे बासरी. लाखो लोक बघतील.”

“नीरज, पानाचा पासवर्ड मला द्या,” सुगंधा शांतपणे म्हणाली. “तुमच्यावर राग नाही. पण ही घार आमच्यामुळे अडकली होती. तिच्यावर बासरी वाजवून मी मिरवणार नाही.”

नीरजने पासवर्ड दिला. जाताना, महत्त्वाची पोस्ट पानावर सगळ्यांत वर कशी अडकवून ठेवायची तेही शिकवून गेला.

घार उडाली तेव्हा सुगंधा तिथे नव्हतीच. एका सकाळी धर्माजींनी घोडबंदरच्या खाडीकाठी खोकं उघडलं आणि स्वतःच मोबाईल धरला. त्या व्हिडिओत अर्धा वेळ त्यांचा अंगठाच दिसत होता, मग खारफुटी, मग आभाळाचा तुकडा आणि त्यात वर वर जाणारा एक ठिपका. मागून धर्माजींचा आवाज, “गेली, गेली बग!” सुगंधाने तो आहे तसाच टाकला.

त्याखाली इशिताने लिहिलं, ‘माझा पहिला व्हिडिओ मी काढणार नाही. तो खरा आहे. पण पुढे काय झालं तेही वाचा,’ आणि ब्लॉगचा दुवा जोडला.

मग जे फोन यायला लागले ते वेगळेच होते. ‘आमची जाळी तुमची नाही, पण तपासून द्याल का?’ असं लोक विचारू लागले. सुगंधाने त्याचं रीतसर कामच करून टाकलं, वर्षाला एक तपासणी. शिव्या देणारेही होते. एक जण प्रत्येक पोस्टखाली ‘पक्ष्यांचे खुनी’ लिहायचा. सुगंधाने त्याची एकही कमेंट उडवली नाही. दर वेळी ती शांतपणे घारीच्या लेखाचा दुवा द्यायची आणि पुढच्या कामाला लागायची.

थंडी संपत आली तेव्हा घोडबंदरच्या एका मोठ्या सोसायटीने बोलावणं धाडलं. सेक्रेटरी काशीनाथ राणे यांनी दोघा बहीण-भावांना ऑफिसात बसवलं आणि आपला मोबाईल पुढे केला. त्यावर कुजलेल्या दोरीचा तो फोटो होता.

“हा मला दुसऱ्या एका कंपनीने पाठवला,” राणे म्हणाले. “म्हणे, यांच्याकडे जाऊ नका.”

लवूचा चेहरा उतरला. सुगंधाने मोबाईल बघितला आणि परत दिला. “फोटो खरा आहे. आम्हीच काढलाय.”

“ते कळलं. म्हणून मी तुमचा अख्खा ब्लॉग वाचून काढला. तुमची चूक झाली तर तुम्ही काय करता ते मला कळलं. बाकीच्यांचं तेवढंच कळत नाही हो.” त्यांनी खुर्ची मागे सरकवली. “चार इमारती आहेत. काम घेणार?”

सुगंधा काही बोलायच्या आत लवू उठून उभा राहिला.

“घेतो. पण दर वर्षी आम्ही परत येऊन तपासणार, हे करारातच घाला. तुम्ही बोलावलं नाही तरी येणार.” मग खिशातली मापाची टेप काढत त्याने विचारलं, “गच्चीची चावी कोणाकडे असते?”