खर्ज कापलेली तबकडी

खड्डा बुजवायला यंत्र नको, असं आंटी आयसिल्डानं दफनभूमीच्या माणसाला दोनदा बजावलं. आमच्या बेटांवरून इथं आलेल्या लोकांत माती आपलीच माणसं लोटतात. पुरुष फावडी घेतात, बायका गातात. माझे चुलतभाऊ कोट काढून कामाला लागले. मला गाता येईना. मी सारखी फाटकाकडे बघत होते.

डॅडींच्या मातीला लॅसेल्स यायला हवा होता. ‘ड्राय रिव्हर’ या त्यांच्या बँडमधला तोच एक उरला होता. इथल्या हँड्सवर्थ वस्तीत एका चर्चच्या तळघरात दोघांनी तो बँड उभा केला. लॅसेल्स गायचा, डॅडी बेस गिटार वाजवायचे. दोन वर्षांत ब्रिस्टल, लीड्स, पॅरिसहून बोलावणी येऊ लागली. डॅडींनी तार छेडली की हॉलच्या खिडक्या थरथरत, असं आंटी सांगते. मग लंडनच्या कंपनीनं दुसरी तबकडी रेडिओसाठी हलकी केली, म्हणजे खर्ज, डॅडींच्या बेसचाच आवाज, कापला. लॅसेल्सनं डॅडींना न विचारताच होकार दिला होता. डॅडींनी तबकडी ऐकली. सोमवारी बसच्या नोकरीवर परत गेले. बँड तिथंच संपला. लॅसेल्स लंडनला गेला. चाळीस वर्षं दोघं बोलले नाहीत.

“तो कसला येतोय,” आंटी पुटपुटली. “बुटांना चिखल लागेल ना साहेबांच्या.”

खड्डा अर्धा भरला तेव्हा तो आला. पाठ वाकलेली, आणि हातात स्वतःच्या बागेतलं फावडं. लंडनहून ट्रेननं ते घेऊन आला होता. खड्ड्यापाशी न जाता माझ्यासमोर थांबला.

“मार्वा, तुझ्या बापाला चालेल?”

भाऊ थांबले. मी नाही म्हटलं असतं तर तो निमूट परतला असता. आंटीला तेच हवं होतं.

“डॅडी दर रविवारी ती तबकडी लावायचे,” मी म्हणाले. “आणि कापलेला खर्ज वरून वाजवायचे. सगळी गाणी.”

“हळू आवाजात?”

“शेजारीण भिंत ठोकायची, अंकल.”

तो हसला, मग तोंडावरून हात फिरवला. कोट न काढताच माती लोटू लागला. दहा-बारा फावड्यांत धाप लागली. भावानं हात पुढे केला, पण त्यानं फावडं सोडलं नाही. सगळं भरल्यावर पात्याच्या पाठीनं माती थोपटत राहिला.

माझी नजर पुन्हा फाटकाकडे गेली. आता कुणी यायचं नव्हतं.